जुन्या मिनीच्या इंजिनाचे बुश: साधे रबर घ्यावे की पॉलियुरेथेन?

दहाइंची
नमस्कार. माझ्याकडे मूळ बनावटीची मिनी आहे, ८४८ सीसी इंजिनाची आणि दहा इंची चाकांची. बरीच वर्षे ती नुसती उभी होती. गेल्या वर्षभरात ब्रेक, वायरिंग आणि कार्ब्युरेटर यांची कामे उरकून मी ती चालती केली. आता एकच तक्रार उरली आहे. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना बॉनेटखालून ‘ठक्’ असा आवाज येतो आणि गाडी दोन-तीन हिसके देऊनच निघते. तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की तोच आवाज पुन्हा येतो. बॉनेट उघडून रॉकर कव्हर तळहाताने ढकलले, तर इंजिन बोटभर मागे जाते आणि सावकाश परत येते.

इंजिनाला मागच्या पत्र्याशी बांधणारी वरची आडवी दांडी, म्हणजे स्टेडी, मी काढून पाहिली. तिच्या दोन्ही टोकांना दोन-दोन तुकड्यांचे रबरी बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणारी आणि धक्का झेलणारी कडी, आहेत. एका टोकाचा बुश चेपून अर्धचंद्रासारखा झाला होता. दुसऱ्या टोकाचा मी बोटांनी दाबला तर त्याचा काळा लगदा हाताला लागला, आणि तो साबणाने दोनदा धुऊनही नखांतून गेला नाही.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे आज तयार होणारे साधे रबरी बुश. दुसरा म्हणजे कित्येक दशकांपूर्वीचे, मूळ वेष्टनात न वापरता राहिलेले बुश. तिसरा म्हणजे पॉलियुरेथेन या रबरापेक्षा कडक कृत्रिम पदार्थाचा संच, जो लाल, पिवळ्या आणि काळ्या रंगांत मिळतो. गाडी रोजच्या साध्या वापरासाठी आहे, शर्यतीसाठी नाही. आपण काय घ्याल आणि का, हे कृपया सविस्तर सांगावे.

झटपट
पॉलियुरेथेन घाला आणि विषय संपवा. एकदा बसवले की पुन्हा बॉनेट उघडायला नको.

अर्धाइंचीपाना
बॉनेट उघडायला नको असेल तर जुनी गाडी कशासाठी घ्यायची, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो.

दहाइंची, खरेदीच्या आधी एक चाचणी करा. चाकांना पुढून-मागून ओट लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा, बॉनेट उघडे ठेवा आणि कोणाला तरी आत बसवून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहून इंजिन किती आणि कुठे हलते ते पाहा. पुढच्या गिअरमध्ये इंजिनाचा माथा मागच्या पत्र्याकडे झुकेल आणि रिव्हर्समध्ये पुढच्या जाळीकडे. झुकण्याचे अंतर दोन्हीकडे साधारण सारखे असेल, तर दोष बहुधा दांडीच्या बुशांत आहे. एकीकडेच जास्त झुकत असेल, किंवा इंजिन झुकता झुकता एका बाजूने उचलले जात असेल, तर खालचे माउंटिंग तपासावे लागेल. मिनीचे इंजिन खालच्या दोन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, आणि लोक वरची दांडी बदलून त्या दोघांना विसरतात.

ही चाचणी चालू असताना गाडीच्या पुढे कोणीही उभे राहू नये. मी एकदा मेहुण्याला पुढे उभे केले होते. त्याला काही झाले नाही, पण तेव्हापासून तो माझ्या गाडीकडे कडेकडेनेच येतो.

थरथराट
झटपट यांच्याशी मी असहमत आहे, आणि तेही पदरचे पैसे घालून. मी खालचे आणि वरचे सगळे बुश एकाच दिवशी पॉलियुरेथेनचे केले. गाडी सुरू केली आणि आरशातली मागची गाडी दिसेनाशी झाली, कारण आरसाच थरथरत होता. गाडी सिग्नलला उभी राहिली की छताच्या पत्र्यापासून दाराच्या कडीपर्यंत सगळे एका सुरात गुणगुणायचे. ठक् आवाज गेला हे मान्य, पण त्याच्या जागी अखंड भुणभुण आली. चार महिन्यांनी मी खालची दोन्ही माउंटिंग पुन्हा रबराची केली आणि मगच गाडीत बोललेले ऐकू येऊ लागले.

शंकासूर
माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. बुश कडक केला की इंजिन कमी हलते. इंजिन कमी हलले तर गाडीही कमी थरथरायला हवी. मग उलटे का होते?

कंपनमापक
प्रश्न बाळबोध नाही, सगळी मेख तिथेच आहे.

इंजिन थरथरते ते स्वतःच्या आतल्या कारणांनी. आपण त्याला पत्र्याशी घट्ट बांधले तर थरथर थांबत नाही, ती पत्र्यात उतरते. बुशाचे काम इंजिनाला थोडे थरथरू देण्याचे आहे, म्हणजे पत्रा शांत राहतो.

थोडी आकडेमोड करू. चार सिलिंडरच्या फोरस्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात. बुशांवर बसलेल्या इंजिनाला त्याची स्वतःची एक झुलण्याची गती असते, जसा झोका स्वतःच्या लयीत झुलतो. समजा, ती सेकंदाला ११ वेळा आहे. धक्क्यांची गती या स्वाभाविक गतीच्या १.४ पटीच्या वर असेल, तरच बुश धक्का अडवू लागतो, आणि हे गुणोत्तर जितके वाढेल तितका तो अधिक अडवतो. २७ आणि ११ यांचे गुणोत्तर जवळजवळ अडीच येते, म्हणून पत्र्यापर्यंत धक्क्याचा सुमारे पाचवा हिस्सा पोहोचतो.

आता बुश तिप्पट कडक करा. स्वाभाविक गती तिप्पट होत नाही, ती तिनाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे ११ वरून १९ वर जाते. २७ भागिले १९ म्हणजे बरोबर तो १.४ चा उंबरठा. आता धक्का जवळजवळ अख्खा पत्र्यात उतरतो. थरथराट यांचा आरसा तिथेच थरथरत होता. हा हिशोब रबराचे स्वतःचे शमन (हालचाल जिरवण्याची क्षमता) न धरता केला आहे, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण दिशा हीच राहील. त्याच कडक बुशांवर उभ्या गाडीचे फेरे १००० केले, तर पोहोचणारा हिस्सा निम्म्यावर येतो. म्हणूनच पॉलियुरेथेन बसवलेल्या बऱ्याच गाड्यांचे मालक नकळत इंजिनाचे फेरे वाढवून ठेवतात आणि मग पेट्रोल जास्त लागते म्हणून कार्ब्युरेटरला दोष देतात.

थरथराट
माझे फेरे ११०० वर होते. आणखी काही बोलत नाही.

तेलकटहात
कंपनमापक यांचे म्हणणे उभ्या गाडीपुरते पूर्ण बरोबर आहे, पण धागाकर्त्यांची तक्रार उभ्या गाडीची नाही, निघताना बसणाऱ्या हिसक्याची आहे. त्या बाजूनेही हिशोब मांडायला हवा, कारण मिनीचे प्रकरण इतर जुन्या गाड्यांपेक्षा वेगळे आहे.

अॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या या गाडीत इंजिन आडवे बसवले आणि गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली, त्याच तेलात ठेवला. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) असा एकच ठोकळा झाला. चाकांना जेवढा पीळ (टॉर्क) मिळतो, तेवढाच उलटा पीळ या ठोकळ्यावर येतो आणि तो सगळा माउंटिंग व दांडीने सोसायचा असतो. ८४८ सीसी इंजिनाचा कमाल पीळ सुमारे ६० न्यूटन-मीटर धरा. पहिल्या गिअरचे आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर मिळून साडेतेराच्या आसपास होते. म्हणजे उलटा पीळ ८०० न्यूटन-मीटरच्या घरात गेला. हेच इंजिन उभे बसवून मागची चाके फिरवणाऱ्या गाडीत घातले असते, तर डिफरन्शियलचा पीळ मागच्या अॅक्सलने घेतला असता आणि पुढच्या माउंटिंगच्या वाट्याला फक्त गिअरबॉक्सपर्यंतचा भाग आला असता. पहिल्या गिअरचे गुणोत्तर पावणेचार धरले तर तो सव्वादोनशेच्या आसपास येतो. एवढ्याशा गाडीत एवढासा बुश साडेतीन पट पीळ सोसतो, म्हणून तो लवकर चेपतो.

खालची दोन माउंटिंग मुख्यतः वजन घेतात आणि थरथर अडवतात. वरच्या दांडीचे काम हा पीळ रोखण्याचे आहे. दोन्ही ठिकाणी एकाच कडकपणाचा बुश घालणे म्हणजे उशी आणि लगाम एकाच कापडाचे शिवण्यासारखे आहे. झटपट आणि थरथराट यांचे भांडण मला यामुळेच खोटे वाटते. एक जण लगामाबद्दल बोलतो आहे आणि दुसरा उशीबद्दल.

झटपट
माझी बाजू कोणीतरी मांडली याचा आनंद आहे. मी फक्त दांडीचेच बुश पॉलियुरेथेनचे केले होते, खालच्या माउंटिंगना हात लावला नव्हता. मला भुणभुण जाणवली नाही. अर्थात माझा सायलेन्सर इतका मोठ्याने बोलतो की जाणवली असती की नाही, याची खात्री देता येत नाही.

मागेइंजिन
थोडे विषयांतर होईल, पण उशी आणि लगाम वेगळे ठेवण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९५७ च्या छोट्या फियाट ५०० मध्ये इंजिन मागे असते, दोनच सिलिंडरचे आणि हवेने थंड होणारे. दोन सिलिंडरची धडधड चारांपेक्षा बरीच हळू आणि ठळक असते, आणि ती अडवायला नुसते रबर पुरत नाही. त्या गाडीत इंजिनाचे मागचे टोक चक्क एका स्प्रिंगवर टांगलेले आहे आणि रबर फक्त टोकाला अडवण्यासाठी आहे. माझ्या गाडीत आधीच्या कारागिराने ती स्प्रिंग ‘ढिली दिसते’ म्हणून काढून तिथे रबराचा ठोकळा घातला होता. पहिल्याच फेरीत माझ्या दातांची परीक्षा झाली. मूळ स्प्रिंग परत बसवल्यावर धडधड राहिली, पण ती इंजिनाची, माझी नाही.

जुनेतेसोने
धागाकर्त्यांनी दुसऱ्या पर्यायाचा उल्लेख केला आहे आणि त्याबद्दल अजून कोणी बोललेले नाही. मूळ वेष्टनातले न वापरलेले बुश मिळत असतील तर डोळे झाकून घ्यावेत. त्या काळच्या रबराची प्रत आजच्या रबराला नाही. ही ती गाडी आहे जिच्या सस्पेन्शनमध्येही पोलादी स्प्रिंग नव्हती, अॅलेक्स मोल्टन यांनी रबराचे शंकू वापरले होते. तेव्हा रबर कळणारी माणसे होती.

शंकूंचीरांग
मोल्टन यांचे शंकू मी स्वतः बदलले आहेत. तेही बसतात, आखडतात आणि गाडी एका कोपऱ्यात खाली टेकते. रबर कितीही जाणत्याने केले तरी त्याचे वय होतेच.

रबरओळख
जुनेतेसोने यांच्या भावनेचा आदर ठेवून विरोध नोंदवतो. वेष्टन फोडले नाही म्हणून रबराचे वय थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, उष्णता आणि प्रकाश यांनी ते पडल्या पडल्याही कडक होते. पोलादी पट्टीला चिकटवलेल्या माउंटिंगमध्ये तर रबर आणि लोखंड यांच्यातला सांधा आधी सुटतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

घ्यायचेच असतील तर बुश दोन्ही हातांनी वाकवा आणि ताणलेल्या बाजूवर प्रकाश पाडून पाहा. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर परत करा. नख रुतवून पाहा. खूण पटकन भरून आली पाहिजे. शोअर ए, म्हणजे रबराचा कडकपणा, मोजण्याचे यंत्र मिळाले तर फारच उत्तम, पण ते पातळ कडेवर लावू नका. खाली किमान ६ मि.मी. जाडीचे रबर असले पाहिजे, नाहीतर खालचे लोखंडच मोजले जाते. साध्या रबरी बुशाचा आकडा बहुधा ५० ते ७० च्या दरम्यान येतो. गाडीसाठी मिळणारे पॉलियुरेथेन ८० ते ९५ च्या पट्ट्यात असते. जुन्या साठ्यातला ‘रबरी’ बुश ८० च्या वर निघाला, तर तुम्ही वेगळ्या नावाने पॉलियुरेथेनच विकत घेत आहात, तेही भेगांसकट.

आणि रंगांचे म्हणाल, तर लाल, पिवळा किंवा काळा यांचा अर्थ प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो. एकाचा लाल दुसऱ्याच्या पिवळ्याहून मऊ असू शकतो. रंग पाहून घेऊ नका, कडकपणाचा आकडा मागा.

जुनेतेसोने
आपले म्हणणे पटले. माझ्या कपाटातला एक डबा आत्ताच उघडून पाहिला. वाकवताच त्याचे दोन तुकडे झाले. वीस वर्षे मी तो जपत होतो.

दहाइंची
सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धाइंचीपाना यांनी सांगितलेली चाचणी केली. पुढच्या गिअरमध्ये इंजिन बरेच जास्त झुकते आणि रिव्हर्समध्ये कमी. शिवाय क्लचकडच्या बाजूचे खालचे माउंटिंग फुगलेले आणि ओलसर दिसते आहे. ती बाजू दुसऱ्यापेक्षा सुमारे ६ मि.मी. खाली बसली आहे. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारे नळकांडे) पूर्वी गळत होता, त्यामुळे ब्रेकच्या तेलाने हे रबर खाल्ले असावे असे वाटते.

रबरओळख
निदान बदलावे लागेल. ब्रेकचे नेहमीचे ग्लायकॉलवाले तेल नैसर्गिक रबराला विशेष त्रास देत नाही. ते गाडीचा रंग मात्र सोलून काढते, म्हणून त्याची बदनामी जास्त. नैसर्गिक रबर फुगते ते खनिज तेलाने, म्हणजे इंजिनाच्या तेलाने. क्लचकडचे माउंटिंग फुगले असेल, तर वर कुठेतरी इंजिनाचे तेल गळत असणार. रॉकर कव्हरच्या गॅस्केटपासून सुरुवात करा आणि क्लचच्या बाजूचे ऑइल सीलही पाहा. गळती न थांबवता नवे रबर बसवले, तर वर्षभरात ते पुन्हा असेच फुगेल. आणि बुश सहज बसावा म्हणून त्याला ग्रीस किंवा इंजिनाचे तेल कधीही लावू नका. साबणाचे पाणी पुरते. पॉलियुरेथेन असेल तर सिलिकॉन ग्रीस लावावे, नाहीतर ते वळताना चरचरते.

अंडाकृती
मी आपल्यासारखाच ठक् आवाज घेऊन दोन वर्षे फिरलो. दांडीचे बुश तीन वेळा बदलले. प्रत्येक वेळी आठवडाभर शांतता आणि मग पुन्हा ठक्. चौथ्यांदा दांडी काढली तेव्हा कंटाळून बोल्ट नुसताच पत्र्यावरच्या ब्रॅकेटच्या भोकात घालून हलवला, तर तो आडवा डुलला. भोक गोल राहिलेच नव्हते, अंड्यासारखे झाले होते. ढिल्या बोल्टने कित्येक वर्षे ते कोरले होते. नव्या बुशाचा ताण आठवडाभर बोल्टला एका बाजूला दाबून ठेवायचा, आणि बुश जरा बसला की बोल्ट पुन्हा आपटायचा. भोकात वेल्डिंग भरून ते पुन्हा पाडून घेतले. त्यानंतर आवाज नाही. तेव्हा बुशांच्या रंगावर चर्चा करण्याआधी नवा बोल्ट घेऊन दोन्ही टोकांच्या भोकांतून फिरवून पाहा. वीस मिनिटांचे काम आहे, आणि माझी दोन वर्षे गेली.

तेलकटहात
अंडाकृती यांच्या प्रतिसादाला जोड देतो. दांडी ढिली राहिली तर सायलेन्सरलाही फटका बसतो. मिनीत एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड इंजिनाच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या बाजूला आहे. इंजिन झुकले की खाली जाणारा पाइप त्याच्या सांध्यातून वाकतो. पाइपचा सांधा वारंवार ढिला होत असेल किंवा तिथे चीर गेली असेल, तर पाइप दुरुस्त करत बसू नका, आधी बुश पाहा. दहाइंची, तुमचा पाइप तपासला आहे का?

दहाइंची
तपासला नव्हता, आता तपासला. सांध्याभोवती काळी काजळी जमली आहे आणि क्लॅम्प हाताने फिरतो. ठक् आवाजात त्याचाही वाटा असणार.

शंकासूर
पुन्हा एक शंका. दांडीच्या एका टोकाला रबर आणि दुसऱ्या टोकाला पॉलियुरेथेन घातले तर? म्हणजे भांडणच नको.

कंपनमापक
शंकासूर गंमत म्हणून विचारत असतील, पण हा उपाय खरोखर वापरला जातो. दांडीची दोन टोके म्हणजे एकामागे एक जोडलेल्या दोन स्प्रिंगा. अशा जोडीत मऊ स्प्रिंगचे वजन जास्त पडते. रबरी बुशाचा कडकपणा १ धरला, तर दोन्हीकडे रबर असताना दांडीचा एकूण कडकपणा अर्धा येतो. दोन्हीकडे तिप्पट कडक पॉलियुरेथेन घातले तर तो दीड होतो, म्हणजे मूळच्या तिप्पट. एकीकडेच पॉलियुरेथेन घातले, तर तो पाऊण येतो, म्हणजे मूळच्या दीडपट. थरथर फार न वाढता झुकणे कमी होते.

कोणत्या टोकाला काय घालावे, हे आकडेमोडीला सारखेच आहे. तेल मात्र इंजिनाकडच्या टोकावर जास्त ठिबकते, म्हणून पॉलियुरेथेन तिकडे आणि रबर पत्र्याकडे घालणे शहाणपणाचे.

अर्धाइंचीपाना
बसवण्याबद्दल थोडे सांगतो, कारण चांगला बुश वाईट बसवल्याने वाया जातो.

खालची दोन्ही माउंटिंग एकाच वेळी सोडू नका. गिअरबॉक्सखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाचे वजन अलगद घ्या. फळीशिवाय जॅक लावला तर अॅल्युमिनियमच्या पोटाला चीर जाईल आणि बुशांचा विषय किरकोळ वाटू लागेल. एक बाजू बदला, बोल्ट हाताने घट्ट करा, मग दुसरी. दोन्ही बसल्यावर जॅक काढा, इंजिन पुढे-मागे दोन-तीनदा ढकलून त्याच्या नैसर्गिक जागी बसू द्या, आणि मगच बोल्ट पूर्ण आवळा. दांडी सर्वांत शेवटी. इंजिन स्वस्थ बसलेले असताना तिचा बोल्ट दोन बोटांनी आत गेला पाहिजे. हातोडीने ठोकून घालावा लागत असेल, तर बुश पहिल्या दिवसापासून ताणात राहील आणि लवकर चेपेल. पॉलियुरेथेनच्या संचात मधली पोलादी नळी येते. ती बुशापेक्षा किंचित लांब आहे ना ते मोजा. नळी आखूड असेल तर बोल्ट नळीऐवजी बुशालाच चिमटीत धरतो.

आणि मिनीचे बोल्ट इंची मापाचे आहेत. १३ मि.मी.चा पाना अर्ध्या इंचाच्या डोक्यावर बसल्यासारखा वाटतो, पण तो ०.३ मि.मी. ढिला असतो आणि गंजलेल्या बोल्टाचे कोपरे गोल करतो. माझे टोपणनाव कुठून आले हे आता कळले असेल.

झटपट
एवढे सगळे वाचल्यावर ‘विषय संपवा’ हे माझे पहिले वाक्य मी मागे घेतो. माझ्या दांडीच्या बोल्टांनाही हात लावून पाहिला. एक ढिला होता.

दहाइंची
तीन आठवड्यांनी परत आलो आहे, कारण धागे अर्धवट राहिलेले मलाही आवडत नाहीत.

गळती रॉकर कव्हरच्या गॅस्केटमधूनच होती. गॅस्केट बदलले आणि इंजिन धुतले. दुसऱ्या दिवशी खालून टॉर्च मारून पाहिले, तेव्हा कोरडे होते. खालची दोन्ही माउंटिंग नव्या साध्या रबराची घातली. क्लचकडचे जुने माउंटिंग काढताना रबर एका हातात आणि पट्टी दुसऱ्या हातात आली, म्हणजे सांधा कधीच सुटला होता. अंडाकृती यांनी सांगितल्याप्रमाणे नवा बोल्ट भोकांतून फिरवला. इंजिनाकडचे भोक ठीक होते, पत्र्याकडचे ब्रॅकेट मात्र जवळजवळ १ मि.मी. आडवे कोरले गेले होते. ते भरून पुन्हा पाडून घेतले. एक्झॉस्टचा क्लॅम्प बदलला.

दांडीसाठी पॉलियुरेथेनचा संच घेऊन ठेवला होता, पण आधी दोन्ही टोकांना साधे रबर घालून पाहायचे ठरवले. तेवढ्यावरच आवाज गेला, म्हणून तो संच अजून खणातच आहे. क्लच सोडताना गाडी हिसका न देता निघते. रॉकर कव्हर पूर्वीइतक्याच जोराने ढकलले तर इंजिन आता करंगळीच्या नखाएवढे हलते. फेरे ८०० वर आहेत आणि आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो.

तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडल्यावर फार बारीक ‘टक्’ अजून ऐकू येते, पण ती मागच्या बाजूने येते.

शंकूंचीरांग
मागून टक्? दहाइंची, आता सबफ्रेमचे, म्हणजे चाके धरणाऱ्या सांगाड्याचे, बुश काढून पाहा. नवा धागा काढलात तर मी आहेच.